थर्माकोलचा पावागड

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी दिसला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. दारातून आत शिरलं की कुठल्या तरी कोपऱ्यातल्या बाकावर तो असतोच. थर्माकोलचा किंवा कागदाच्या लगद्याचा शंकू, त्यावर तपकिरी पोस्टर कलर, पायथ्याशी प्लास्टिकची झाडं आणि त्या झाडांच्या चौपट उंचीचा एक डायनोसॉर. आपण जवळ गेलो की कडक इस्त्रीच्या गणवेशातला मुलगा लगबगीने आत खायचा सोडा टाकतो, वरून लाल रंगाचं व्हिनेगर ओततो आणि फसफसून लाल फेस उतारावरून खाली येतो. बाकावर अंथरलेला पांढरा कागद भिजतो. "मॅडम, लाव्हा!"

फेस येणं हीसुद्धा रासायनिक क्रियाच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. व्हिनेगरमधलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, एवढंच तिथे घडतं. गंमत अशी की या क्रियेत उष्णता बाहेर पडत नाही, उलट शोषली जाते. शंकूत दडवलेल्या ग्लासला हात लावला तर तो गार लागतो. खरा लाव्हा हजार-अकराशे अंश तापलेला, आणि आमच्या प्रदर्शनातला लाव्हा खोलीतल्या हवेपेक्षाही थंड! हे मी एकदा सातवीतल्या एका मुलाला सांगितलं, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे आणि मग मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. मी म्हटलं, "हात लावून बघ की." त्याने भीतभीत बोट लावलं आणि पाठ केलेलं पुढचं सगळं भाषण विसरला. "पण मग असं का होतं?" त्या दिवसभरात एखाद्या मुलाने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. नाहीतर प्रश्न आम्ही विचारायचे आणि उत्तरं त्यांनी द्यायची, अशीच वाटणी ठरलेली असते.

मग मी त्याला विचारलं, पावागड चढलायस का? चढला होता, दर वर्षी, महाकालीच्या दर्शनाला. पावागड कशाचा झालाय? थोडा विचार करून तो म्हणाला, "डोंगराचा."

बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर हा पावागड आहे. पावसाळा सरला, हवा निवळली की शहरातल्या उंच इमारतीच्या गच्चीवरून तो दिसतोही. दर्शनाला जाणारे त्याला ओळखतात, चांपानेरचे अवशेष बघायला येणारे ओळखतात, पण दगड म्हणून त्याची ओळख फारशी कुणाला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, सह्याद्रीच्या पायऱ्या ज्याने घडवल्या, त्याच घराण्यातला हा डोंगर. खालच्या अंगाला आपल्या ओळखीचा काळा बसाल्ट, आणि माथ्याकडे रायोलाइट नावाचा फिक्या रंगाचा खडक. त्याचा लाव्हा जास्त सिलिकाचा, म्हणून दाट आणि चिकट. दख्खनच्या पठारावर हा खडक तसा दुर्मीळ. शिवाय दख्खनचा लाव्हा बहुतेक ठिकाणी शंकूच्या टोकातून उसळलाच नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो उतू जाऊन थरावर थर साचत गेला. म्हणजे आमची मुलं बाकावर मांडतात तो फुजियामा असतो, नाहीतर व्हेसुव्हियस. स्वतःच्या अंगणातल्या ज्वालामुखीचा दगड खिशात घालून आणलेला मुलगा मला अजून भेटायचा आहे.

माझं असं म्हणणं आहे की शाळकरी मुलांच्या विज्ञान स्पर्धांत आपण दाखवण्याला गुण देतो आणि शोधण्याला देत नाही. आणि हे अगदी बडोद्यात व्हावं, याची मला जास्त चुटपुट लागते.

मी इथलीच. पणजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीत आले, तेव्हापासून आमचं घर दांडिया बाजारात. मराठी घरात, गुजराती गल्लीत आणि इंग्रजी ऑफिसात, अशा तीन भाषांत माझं आयुष्य गेलं. शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की फोन सुरू होतात. "काकू, निर्णायक म्हणून याल ना? तुमचं केमिस्ट्री आहे." मी जाते. सकाळभर उभं राहायचं, दुपारी शाळेतर्फे सेव-उसळ खायची, संध्याकाळी उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवायच्या, यात मला आनंद आहे.

या शहराचं एक वैशिष्ट्य प्रदर्शनात लगेच दिसतं. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, पाठोपाठ फर्टिलायझरचा कारखाना आला, मग आयपीसीएल हा पेट्रोकेमिकल्सचा कारखाना आला, आणि बडोद्यात इंजिनियर बापांची एक पिढीच्या पिढी वसली. हे बाप मुलांवर जीव टाकणारे, हातांनी हुशार आणि रविवारी मोकळे. त्यामुळे आमच्याकडच्या मॉडेलचं सोल्डरिंग बघण्यासारखं असतं. हायड्रॉलिक जेसीबी सिरींजवर चालत असला तरी त्याचे सांधे कारखान्यात केल्यासारखे. कचऱ्याच्या डब्याजवळ हात नेला की झाकण आपसूक उघडतं, आतला सेन्सर अमुक सेंटिमीटरवर बसवलेला. मुलगा सांगत असतो आणि चार पावलं मागे उभ्या असलेल्या वडिलांचे ओठ हलत असतात. एकदा मी अशा एका मुलाला विचारलं, "हा सेन्सर काढून घेतला तर डबा काय करेल?" त्याने मागे पाहिलं. वडील म्हणाले, "मॅडम, काढायची गरजच नाही, चांगल्या क्वालिटीचा आहे." मी मुकाट्याने पुढच्या बाकाकडे वळले.

अलीकडे तेवढीही मेहनत उरलेली नाही. बाजारात सगळं तयार मिळतं. पवनचक्की, पावसाच्या पाण्याचं संकलन, सौरऊर्जेवरचं घर. सोबत छापील चार्टही येतो. एकाच सकाळी एकाच कंपनीची तीन सौर घरं मी पाहिली आहेत. तिघांचीही कौलं निळीच.

मला लक्षात राहिला तो एक अगदी कळकट दिसणारा प्रकल्प. शहरातल्या एका स्पर्धेत, अगदी शेवटच्या बाकापाशी, आठवीतल्या दोन मुली उभ्या होत्या. समोर काचेच्या एकसारख्या बाटल्या, प्रत्येकीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बॉलपेनने गल्लीचं नाव. एक ड्रॉपर, एक शंभर पानी वही. ना दिवे, ना मोटर. बहुतेक परीक्षक अर्ध्या मिनिटात पुढे सरकत होते. मुलींचा प्रश्न साधा होता. आपल्या वस्तीत कुणाकडे महानगरपालिकेचं पाणी येतं, मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं किंवा आजवा तलावाचं, आणि कुणाकडे बोअरचं. तर कुणाच्या पाण्यात साबणाला फेस लवकर येतो?

पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण आधी त्यांच्याशी लागून खरवडीसारखा खाली बसतो, आणि फेस यायला साबण जास्त लागतो. पाण्याचा जडपणा मोजायची ही जुनी रीत. मुलींनी साबणाचं पाणी केलं, ठरावीक मापाचं पाणी बाटलीत घेतलं, थेंब टाकत, हलवत गेल्या आणि फेस टिकेपर्यंत किती थेंब लागले ते लिहून ठेवलं. सगळी हकिगत वहीत होती, आणि ती वही मी उभ्याउभ्या पहिल्या पानापासून वाचली.

पहिल्या पानावरचे सगळे आकडे जवळजवळ सारखेच. बोअर काय आणि नळ काय, फेस धडाधड येतोय. खाली लिहिलेलं, 'काहीतरी चुकतंय.' दुसऱ्या पानावर उलगडा. घरात कपड्यांना वापरतात ती वडी त्यांनी किसली होती, आणि ती साबणाची नव्हती, डिटर्जंटची होती. डिटर्जंटला जड पाण्याची पर्वा नसते, त्यासाठीच तर तो बाजारात आला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकीच्या आजीच्या न्हाणीघरात जुन्या पद्धतीचा साबण होता, तो वापरून पाहिल्यावर आकडे एकदम पसरले. बोअरच्या पाण्याला थेंब भराभर वाढले. डिटर्जंटचं पान त्यांनी फाडलं नव्हतं. त्यावर नुसती एक तिरकी रेघ मारली होती.

पुढे आणखी एक गंमत. बोअरवाल्या गल्लीतल्या एका घराचा आकडा नळाच्या पाण्यापेक्षाही कमी आला होता. शेजारच्या दोन घरांचे आकडे मोठे आणि मधल्याच घराचं पाणी असं मऊ कसं? वहीत पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हे कसं आलं कळत नाही. परत जाऊन विचारणे.' गेल्या. तिथल्या बेनने प्रेमाने सांगितलं, की बाटली घेऊन पोरगी दारात आली, तिला बोअरचं पाणी कसं द्यायचं, म्हणून मी आरओचं दिलं! मुलींनी तो आकडा खोडला नाही. त्याच्यापुढे 'आरओ' लिहिलं आणि त्याच घरातून बोअरचं पाणी घेऊन पुन्हा मोजलं. शिवाय, आरओचं पाणी सगळ्यांत मऊ, हा एक जादा निष्कर्षही पदरात पडला.

मी कारखान्यात वर्षानुवर्षं नमुने तपासले. नमुना कुठून घेतला, कुणी घेतला, कुठल्या नळातून घेतला, हे विचारायला शिकवण्यात नव्या पोरांबरोबर आमचे महिने जायचे. या दोघी ते एका बेनच्या आदरातिथ्यातून शिकल्या होत्या.

त्यांना बक्षीस मिळालं नाही. गुणपत्रिकेत 'मॉडेलची मांडणी' आणि 'सादरीकरण' यांना भरपूर गुण होते आणि वहीला रकानाच नव्हता. पहिलं बक्षीस झाकण उघडणाऱ्या डब्याला गेलं. तो डबा उत्तम चालत होता, हे मी मान्य करते.

सादरीकरण हे प्रकरण जरा वेगळंच आहे. आमची मुलं घरी गुजराती किंवा मराठी बोलतात, मैदानावर हिंदी आणि प्रदर्शनात इंग्रजी. "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड जजेस" पासून "थँक यू" पर्यंत एका श्वासात. मध्येच अडवून प्रश्न केला की गाडी रुळावरून घसरते आणि पुन्हा "गुड मॉर्निंग" पासून सुरू होते. मी मग गुजरातीत विचारते, मराठी आडनाव दिसलं तर मराठीत. लगेच खांदे सैल पडतात. मुलं हातवारे करू लागतात, एकमेकांना दुरुस्त करतात, एखादी तर म्हणते, "अगं नाही, ते आपण नंतर केलं." विज्ञान त्या 'नंतर केलं' मध्ये असतं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाली, दहा ते सतरा वयाच्या मुलांची. तिचे दोन नियम मला फार आवडतात. प्रश्न आपल्या गावातला घ्यायचा, आणि अहवाल आपल्या भाषेत लिहिला तरी चालतो. विश्वामित्री नदीतल्या मगरी, २०१९ आणि २०२४ च्या पुरात कुठल्या गल्लीत पाणी कुठवर चढलं, वढवाणा तलावावर हिवाळ्यात येणारे पक्षी, यांतला प्रत्येक विषय बडोद्याच्या मुलाला घरून चप्पल घालून गाठता येतो. पुराच्या खुणा तर कित्येक भिंतींवर अजून दिसतात. टेप आणि वही, एवढीच सामग्री लागेल.

याच शहरात एके काळी हाताने करण्याला आणि स्वतःच्या भाषेत शिकण्याला केवढा मान होता! सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. त्याच्याही आधी, १८९० साली, कलाभवन उघडलं. ते उभं केलं त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे धंद्याचे विषय, आणि ते मुलांना कळेल अशा भाषेत शिकवायचे, हा गज्जरांचा आग्रह. दादासाहेब फाळके इथे शिकून गेले. विनोबांचे वडील रंगाच्या रसायनातले जाणकार, नोकरीनिमित्त बडोद्यात राहिले, म्हणून विनोबांची शाळा आणि कॉलेज इथलं. गज्जरांची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. १८९६ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं. ते आपण केल्याचं दामोदर चापेकरांनी पुढे लिहून ठेवलं. डाग काढणं भल्याभल्यांना जमेना. गज्जरांनी तो काढला. चापेकरांच्या बाजूने विचार केला तर ही गोष्ट जरा अवघडच, पण रसायनाच्या बाजूने बघा: दगडाला इजा न होता त्यात मुरलेलं डांबर बाहेर काढायचं, आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी मिळून अलेम्बिकचा कारखाना काढला. बडोद्याच्या औषध उद्योगाची ती सुरुवात.

स्पर्धेनं माणूस घडतो का, असं मला कुणी विचारलं तर मी व्यंकटरामन रामकृष्णन यांच्याकडे बोट दाखवते, पण जरा जपून. जन्म चिदंबरमचा, १९५२ चा. तिसऱ्या वर्षी बडोद्यात आले. वडील विद्यापीठात जीवरसायन विभागाचे प्रमुख, आई राजलक्ष्मी पोषणशास्त्रातल्या संशोधक, गरिबाला परवडणाऱ्या अन्नधान्यातून पुरेसं पोषण कसं मिळेल यावर काम करणाऱ्या. शाळा इथली, बी.एस्सी. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून, १९७१ साली, भौतिकशास्त्रात. आयआयटी आणि वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षांत आपल्याला यश आलं नव्हतं, हे ते स्वतः मोकळेपणाने सांगतात. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात मात्र प्रवेश मिळाला होता, आणि मुलगा डॉक्टर व्हावा अशी वडिलांची इच्छा. पण त्याच सुमारास त्यांची निवड राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध शिष्यवृत्तीसाठी झाली. ती घ्यायची तर मूलभूत विज्ञानच शिकावं लागे. त्यांनी मेडिकल सोडलं आणि भौतिकशास्त्र धरलं. २००९ साली रायबोसोमच्या रचनेसाठी थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राचा पदवीधर, जीवशास्त्रातलं काम, रसायनशास्त्राचं पारितोषिक! आमच्याकडे अकरावीला ग्रुप ए (गणित) घ्यावा की ग्रुप बी (जीवशास्त्र), यावर ज्यांच्या घरात महाभारत घडतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

त्या शिष्यवृत्तीची रचना मुद्दाम बघण्यासारखी आहे. एनसीईआरटीने ती १९६३ साली दिल्लीपुरती सुरू केली, फक्त दहा शिष्यवृत्त्या. पुढच्याच वर्षी सगळ्या देशासाठी तीनशे पन्नास झाल्या. परीक्षेत विज्ञानाच्या कलाची चाचणी असे, एका वैज्ञानिक विषयावर निबंध असे, आणि उमेदवाराने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल परीक्षेच्या वेळीच द्यावा लागे. यातून निवडलेल्यांची मुलाखत. शिष्यवृत्ती पीएच.डी.पर्यंत, पण फक्त मूलभूत विज्ञानासाठी. शाळकरी मुलाला सरकार म्हणत होतं, की तू काय केलंस ते लिहून आण, मग आपण बसून बोलू. १९७६ साली योजना बदलली. समाजशास्त्र, इंजिनियरिंग, वैद्यक सगळं आत आलं, निबंध आणि अहवाल गेले, वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या दोन परीक्षा आल्या. शिष्यवृत्त्या वाढल्या, जास्त मुलांना पैसे मिळाले, ही चांगलीच गोष्ट. पण अहवाल गेला तो गेलाच. २०२१ नंतर ती परीक्षाही थांबली आहे.

मुंबईच्या विज्ञान अध्यापकांनी १९८१ पासून चालवलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेनं हा धागा सोडलेला नाही. सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोग करावे लागतात आणि पुढच्या टप्प्यावर एक कृतिसंशोधन. माझी ठाण्याची भाची त्यात होती. पण तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्या कृतिसंशोधनासाठीही क्लास लावला होता! क्लासला आपल्याकडे तोड नाही.

रामकृष्णन यांनी 'जीन मशीन' या पुस्तकात बक्षिसांच्या मोहाबद्दल फार प्रांजळपणे लिहिलंय. आपल्यासारखी बक्षिसाकडे डोळे लावून बसलेली प्रौढ माणसं शास्त्रज्ञांतही असतात, आणि त्याने कामाची दिशा बिघडू शकते, असा त्याचा रोख. नोबेल मिळालेला माणूस हे म्हणतो तेव्हा 'तुला काय जातंय म्हणायला' असं मनात येतंच. तरी शाळेच्या सभागृहात ट्रॉफ्यांची रांग पाहिली की मला ते पान आठवतं. दहा वर्षांच्या मुलीला आपण दोन फुटांची ट्रॉफी देतो. तिच्या प्रयोगाची बाटली जेमतेम वीतभर असते.

बक्षिसाचा मान राखून एक स्पर्धा मात्र मला हवीशी वाटते. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा घेतली, तेव्हा जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. नाव न सांगता उतरायचं आणि लिहिलेल्यावर जिंकायचं. शाळांच्या स्पर्धेत हे जवळपास अशक्य आहे. ब्लेझरवरून शाळा कळते, शाळेवरून फी कळते, आणि परीक्षक माणूसच असतो. त्याच परिषदेची शाखा बडोद्यातही आहे. तिच्या कार्यकर्त्यांना माझी सूचना आहे, की एखाद्या वर्षी नुसत्या वह्या मागवा. नाव नाही, शाळा नाही, मॉडेल नाही. कुठल्याही भाषेत.

बडोद्याच्या पालकांना मी वेगळं काय सांगणार? रविवारी मुलीला कमाटीबागेत न्या. तिथल्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा दाखवा, आणि लगेच माहिती सांगू नका. तो खाडीतून इथवर कसा आला असेल, हा प्रश्न तिचा तिला पडू द्या. सोल्डरिंग करायचा मोह आवरत नसेल तर घरातला मिक्सर दुरुस्त करा.

आणि जे माझ्यासारखे निवृत्त आहेत, रिफायनरीतून, फर्टिलायझरमधून, विद्यापीठातून, शाळांतून, त्यांच्यासाठी एवढंच. शाळांना परीक्षक मिळत नाहीत, म्हणून जो मिळेल तो घाईघाईने फिरून गुण देऊन जातो. दिवाळीनंतर फोन आला तर नाही म्हणू नका. गेलात की प्रत्येक बाकापाशी दहा मिनिटं थांबा, मुलाच्या भाषेत बोला आणि सगळ्यांत आधी वही मागा. गुणपत्रिकेत वहीचा रकाना नसेल, तर पेनने रेघ मारून तो काढून घ्या. मी आता तसंच करते, आणि अजून तरी मला कुणी अडवलेलं नाही.